तिसरा ठोका

मंगळवारी दुपारी साडेतीनच्या सुमाराला एका म्हातारीने नसलेला आवाज ऐकला आणि तेव्हापासून माझं बिनसलं. तसं पाहिलं तर यात नवल काही नाही. मी एका मोठ्या इस्पितळात लोकांचे कान तपासतो. जाड भिंतींची एक बंद खोली, तिला काचेची खिडकी, आत पेशंट, बाहेर मी आणि माझं यंत्र. गेली एकतीस वर्षं रोज वीस-पंचवीस माणसांना मी तेच सांगत आलोय, आवाज आला की बटण दाबा, अगदी बारीक आला तरी दाबा. त्यांनी दाबलं की माझ्यासमोर हिरवा दिवा लागतो. पुष्कळ लोक आवाज नसतानाही दाबतात. परीक्षेत नापास होऊ नये म्हणून दाबतात बिचारे, पण ते घाईघाईने, चुकतमाकत दाबतात. ही म्हातारी तसं करत नव्हती. कागद संपला म्हणून मी ड्रॉवर धुंडाळत होतो, यंत्रातून काहीच सोडलेलं नव्हतं, आणि वर पाहतो तर दिवा लागत होता, विझत होता. एक. मग लागोपाठ दोन. मग थांबून एक. पुन्हा एक, दोन, एक. म्हातारी डोळे मिटून, मान कलती करून बसली होती. दार उघडून मी तिचा हेडफोन काढला, तर म्हणाली, "थांबलात का? छान वाजवत होतात."

"मी काहीच वाजवत नव्हतो, आजी."

"मग दुसरं कुणी असेल," ती म्हणाली आणि पिशवी उचलून चालू लागली. तिला काय, ती गेली.

संध्याकाळी घरी आलो आणि बूट काढता काढता आईला म्हणालो, रविवारी तळ्यावर जाऊ, पंप चालू होतो का बघू. बायकोने स्वयंपाकघरातून मान बाहेर काढून माझ्याकडे पाहिलं. वर्षभर आई या एकाच गोष्टीसाठी माझ्या मागे लागली होती आणि वर्षभर मी तिची टोलवाटोलवी करत होतो. तिला उरलेले दिवस तळ्याकाठच्या आमच्या जुन्या घरात काढायचे होते. का, ते सांगत नव्हती. पाणी नाही तिथे, कशी राहशील, असं मी म्हणायचो. मग पंप दुरुस्त कर, असं ती म्हणायची. बघतो, असं मी म्हणायचो, आणि विषय पुढच्या आठवड्यावर जायचा. आई ब्याऐंशीची आहे आणि जवळजवळ ठार बहिरी. तिचे कान मीच तपासले, कानातलं यंत्र मीच बसवून दिलं, आणि ते ती डबीत घालून कपाटात ठेवते. विचारलं तर म्हणते, जपून वापरते. त्यामुळे तिच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. आमच्या घरातली प्रत्येक गोष्ट इमारतीच्या चारही मजल्यांना ठाऊक असते. "रविवारी!" मी ओरडलो, "तळ्यावर!" तिने हातातली वाटी खाली ठेवली. "सुचलं एकदाचं," ती म्हणाली.

मला तिला एक गोष्ट सांगायची होती. सत्तेचाळीस वर्षं सांगायची होती. शहरातल्या घरात ती न सांगताही माझे दिवस जात होते, नोकरी होती, बायको होती, बिलं भरायची होती. पण ती त्या घरात राहायला गेली असती तर न सांगता तिला तिथे ठेवून येणं मला जमलं नसतं. आणि सांगितलं तर ती कशी जगणार, हेही मला कळत नव्हतं. म्हणून तर पंप नादुरुस्त होता. खरं सांगायचं तर पंपाला काहीही झालेलं नव्हतं. त्याच्यात पाणी भरायचं होतं, एवढंच.

दीड तासाचा रस्ता. आई सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होती आणि मी गाडी चालवत मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो. घर तसंच होतं, तीन खोल्या, पुढे व्हरांडा, व्हरांड्याच्या पायऱ्या संपल्या की उतार, आणि उतार संपला की पाणी. बाजूला पत्र्याची एक खोली, तिच्यात पंप. आठ वर्षं कुणी राहत नव्हतं. त्याआधी भाडेकरू होते, त्यांनी मोटर दोनदा बदलली, पण पाइप तोच राहिला, बाबांनी बसवलेला, जाड लोखंडी. तळ्याच्या तळापासून वर पंपाच्या खोलीत, तिथून व्हरांड्याखालून थेट स्वयंपाकघरातल्या नळापर्यंत. मी खोलीचं दार ढकललं. आत गंज आणि ओल यांचा वास कोंडला होता. भिंतीकडे मी बघितलं नाही. आईसाठी पायरीवर उशी टाकली, तिच्या खांद्यावर शाल घातली, आणि बादली घेऊन पाण्यावर गेलो.

पंप मोठं मानी यंत्र आहे. त्याला हवा ओढता येत नाही. आधी त्याच्या तोंडापर्यंत पाणी भरून द्यावं लागतं, मग तो पुढचं ओढतो. वरचं बूच पान्याने काढायचं, नरसाळं लावायचं आणि ओतत राहायचं, खालचा पाइप भरेपर्यंत, बुडबुडे थांबेपर्यंत. पाइपाच्या तळ्यातल्या टोकाला झडप असते, ती ओतलेलं पाणी धरून ठेवते. ती झडप धड असली तर पाच बादल्यांचं काम. नसली तर तळ्यातलं पाणी वर आणायचं आणि पाइपातून तळ्याला परत द्यायचं, दिवसभर. आमची झडप कधीच धड नव्हती. तिच्या जाळीत शेवाळ अडकायचं, फटीत खडे बसायचे, आणि मग बाबा शर्ट काढून पाण्यात उतरायचे.

बाबा नकाशे काढायच्या कचेरीत होते आणि त्यांची बोटं कधी गप्प नसत. टेबलावर, ताटावर, दारावर, माझ्या पाठीवर, सतत काहीतरी वाजत असे. आई वैतागायची. "अहो, पुरे की," असं ती दिवसातून दहा वेळा म्हणत असेल. सुट्टीत आम्ही तळ्यावर यायचो तेव्हा पहिला अर्धा दिवस पंपात जायचा आणि तो मला सगळ्यात आवडायचा. बाबा पाइप धरून धरून खोल पाण्यात जायचे, बुडी मारून झडप साफ करायचे, आणि मी वर पंपाच्या खोलीत पाइपाला कान लावून बसायचो. खालून ते दगडाने पाइपावर ठोकायचे. एक ठोका म्हणजे झडप मोकळी झाली, पाणी ओत. दोन ठोके म्हणजे थांब, मी वर येतोय. "आणि तिसरा ठोका आला तर?" मी एकदा विचारलं होतं. बाबा हसले. "तिसरा ठोका आला की समजायचं, मस्करी चालू आहे." मग तो आमचा खेळच झाला. ते खालून काहीतरी ताल ठोकायचे, मी तो पान्याने जसाच्या तसा परत द्यायचा. बरोबर आला की मी मोठ्याने आकडा म्हणायचो आणि खडूने भिंतीवर एक रेघ ओढायचो. त्यांचा दम संपेपर्यंत खेळ. मनगटावरच्या घड्याळावर आम्ही मोजलं होतं, त्यांचा दम एक मिनिट दहा सेकंद टिकायचा. आमचा विक्रम बारा रेघांचा होता.

त्या दिवशी चाळीस झाल्या. मी नऊ वर्षांचा होतो आणि आनंदाने नुसता उड्या मारत होतो. एक, दोन, एक. एक, दोन, एक. सुरुवातीला ठोके जोरात होते, इतके की कानाला झिणझिण्या यायच्या. मला वाटलं, आज बाबा रंगात आहेत. मी परत देत गेलो. मध्ये एकदा उत्तर आलं नाही, मी पुन्हा ठोकलं, मग आलं. पुढचे ठोके बारीक होते, नाजूक होते, मला वाटलं, ते मला अवघड घालताहेत, ऐकू येतंय का बघताहेत. तेही मी सगळे पकडले. चाळीस रेघा ओढल्या आणि बाबांना दाखवायला पळत पाण्यापाशी गेलो. पाणी अगदी सपाट होतं. मी बराच वेळ काठावर उभा राहिलो, हसत.

पलीकडचा होडीवाला आणि त्याचा भाऊ यांनी त्यांना वर काढलं. पाय जुन्या जाळ्यात अडकला होता. व्हरांड्यात माणसं जमायच्या आत मी पंपाच्या खोलीत जाऊन रेघा शर्टाच्या बाहीने पुसल्या. मग डॉक्टर आला, त्याने मला गुडघ्यांमध्ये धरून विचारलं, "बाळ, तू पाइपाला कान लावून होतास ना? काही ऐकू आलं?" मी म्हणालो, "नाही. काही ऐकलं नाही." डॉक्टरने आईकडे पाहून मान हलवली. अडकल्याचं कळलं असतं तर ठोकलं नसतं का त्यांनी, तो म्हणाला. पोरगा ऐकतच बसला होता. गार पाण्यात हृदय आधीच थांबलं असणार, पाय नंतर अडकला. त्यांना कळलंसुद्धा नसेल. हे वाक्य आईने उचललं आणि त्यावर ती सत्तेचाळीस वर्षं जगली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, ह्यांना कळलंसुद्धा नाही हो. मी शेजारच्या खोलीत अभ्यास करत असायचो आणि माझी पेन्सिल थांबायची.

पण नुसतं एवढंच असतं तर मी कसंबसं निभावलं असतं. पोराने वडिलांच्या हाका मस्करीत घेतल्या, वडिलांनीच तसा नियम घालून दिलेला, पोराची चूक ती काय, असं स्वतःला समजावता येतं. मी समजावलंही आहे, वर्षातून दोन-चारदा. मला छळायचं ते गणित. एक फेरी म्हणजे पाच-साडेपाच सेकंद. चाळीस फेऱ्या म्हणजे साडेतीन मिनिटं. बाबांचा दम एक मिनिट दहा सेकंदांचा. कितीही ताणलं तरी त्यापुढे पाण्याखाली माणूस ठोकू शकत नाही. इस्पितळात जेवणाच्या सुट्टीत, पेशंट नसला की, मी त्या बंद खोलीत बसून हा हिशेब कितीदा तरी केला आहे, घड्याळ लावून, पेन्सिलीने खुर्चीवर ठोकत. तो जुळत नाही. मग अर्ध्याहून जास्त वेळ मला तळ्याच्या तळाशी बसून उत्तर कोण देत होतं?

तिसरी बादली, चौथी बादली. पाणी नरसाळ्यातून गडगडत खाली जात होतं आणि कुठे जात होतं ते दिसत नव्हतं. माझी पाठ भरून आली. सहाव्या बादलीनंतर मी मिस्त्रीला फोन लावला. "हवा असणार, साहेब," तो म्हणाला, "हवा काय वाटेल ते आवाज काढते. आवाज येतोय ना? मग भरत आलाय. ओतत राहा." मी त्याला आवाजाचं काहीच बोललो नव्हतो. तसं मी म्हणणार तोवर त्याने फोन ठेवला. आठव्या बादलीला पाणी तोंडाशी येऊन थांबलं. बुडबुडे येत राहिले, मोठे, मग बारीक, मग एकेक. आणि दोन बुडबुड्यांच्या मध्ये, खूप खालून, पाइपात ठोका पडला. एक. मग लागोपाठ दोन. मग एक.

माझा पाना धरलेला हात आपोआप वर उचलला गेला. खरंच सांगतो, मी तो उचलला नाही. सत्तेचाळीस वर्षं वाट पाहत असल्यासारखा तो आपणहून वर गेला. मी तो दुसऱ्या हाताने धरून खाली आणला. वळलो तर दारात आई उभी होती. तिला पायरीवर बसवलं होतं, ती कधी उठून आली कळलंच नाही. ती आत आली, पाइपापाशी वाकली आणि त्यावर तळहात टेकला, पोराचा ताप बघावा तसा. तिच्या कानांची अवस्था मला आकड्यांत पाठ आहे; कानाशी ओरडल्याशिवाय तिला काही ऐकू जात नाही. ती म्हणाली, "येतंय."

तेव्हा मला राहवेना. "आई, मला तुला काहीतरी सांगायचंय."

"अं?"

"सांगायचंय!"

"मग सांग की."

"त्या दिवशी मला ऐकू आलं होतं!"

"काय आलं होतं?"

"ऐकू! बाबांचे ठोके! मला ऐकू आले होते, आई!"

जे मी बायकोला, उशीला, कुणालाच सांगितलं नव्हतं, ते तळ्याच्या पलीकडे ऐकू जाईल एवढ्या आवाजात ओरडलो. पलीकडे कुणीतरी होडी रंगवत होतं, तो माणूस ब्रश थांबवून इकडे बघायला लागला. मला रडू यायला हवं होतं, पण ओरडताना रडता येत नाही. मी नुसता धापा टाकत उभा राहिलो.

"ओरडू नकोस," आई म्हणाली. "मला माहीत आहे ते."

"माहीत आहे?"

"नळ वाजायचा ना स्वयंपाकघरातला. तुमचा सगळा खेळ मला तिथे ऐकू यायचा. एकच पाइप. भांडी घासताना नुसते कान किटायचे." तिने तळहात काढला नव्हता. माझ्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात ती बोलत होती. बहिरी झाल्यापासून ती इतकं हळू कधी बोललेली नव्हती. "त्या दिवशी ह्यांचे ठोके मध्येच थांबले. तू ठोकलंस, उत्तर आलं नाही. तू परत ठोकलंस. मला वाटलं, हे दम घ्यायला वर आले असतील, पोरगं बिचारं वाट बघतंय. माझ्या हातात चमचा होता. मी नळावर ठोकलं. तुला किती आनंद झाला, मोठ्याने आकडा म्हणालास. मग मी ठोकतच राहिले. मी कधी खेळायचे का तुमच्यात? कधीच नाही. त्याच दिवशी वाटलं, आपणही खेळावं."

मी पाइपावरच बसलो. "कितव्यापासून?" मी विचारलं. मी ओरडलो नव्हतो, तरी तिला कळलं.

"तेराव्यापासून."

तेरा ते चाळीस. अठ्ठावीस. साध्या वजाबाकीवर माझं सगळं आयुष्य अडकून बसलं होतं, आणि ती जुळली तेव्हा मला वाटलं होतं तसं काहीच झालं नाही. छातीवरचं ओझं उतरलं नाही. बाबा साडेतीन मिनिटं मला हाका मारत नव्हते. ते बारा वेळा हाका मारून थांबले होते, आणि त्यानंतर आम्ही दोघं त्यांच्या डोक्यावरून एकमेकांशी खेळत होतो, मायलेक, हसत. ती उत्तर देत राहिली नसती तर मी घाबरून पळालो असतो. कदाचित वेळेत पळालो असतो. हे मला आत्ता कळलं. तिला ते त्याच संध्याकाळी कळलं होतं. डॉक्टरच्या गुडघ्यांमध्ये उभा राहून मी "नाही" म्हणालो तेव्हा तिने माझ्याकडे कसं पाहिलं होतं, ते मला आठवलं. मला इतकी वर्षं वाटत होतं, मी तिला वाचवलंय.

"तू म्हणालास, काही ऐकलं नाही," आई म्हणाली. "मग मी पण नाही ऐकलं." "शहरातल्या नळाला काही येत नाही रे. मी रोज हात लावून बघते. इथे येतं. म्हणून इथे राहायचंय मला. कुणीतरी असायला नको का पाइपापाशी?"

मी तिला म्हणणार होतो की ती हवा आहे. पाणी खाली बसताना लोखंडात असे आवाज होतात, मी आवाजांचाच माणूस आहे, मला कळतं. तसं म्हणायला मी तोंड उघडलंही. पण पंपाच्या तोंडाशी पाणी स्थिर होतं, एकही बुडबुडा नव्हता, आणि तरी माझ्या मांडीखालचा पाइप थरथरला. या वेळी ठोके जोरात होते. एक. दोन. तीन. चार. त्यांत ताल नव्हता.

आईने माझ्या हातातला पाना काढून घेतला आणि कोपऱ्यात फेकला. "बघत काय बसलायस?" ती ओरडली. "जा ना!"

मी पळालो. छप्पन्न वर्षांचा माणूस, बूट घातलेला, उतारावर दोनदा पडलो आणि तसाच पाण्यात शिरलो. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, इतकं गार की श्वास आतच अडकला. पाइप हाताला लागला. तो धरून धरून मी पुढे सरकत होतो, पायाखाली चिखल, हाताखाली लोखंड, आणि ते लोखंड ठोकत होतं. पलीकडून तो होडी रंगवणारा काहीतरी हाका मारत होता. पाणी छातीशी आलं तेव्हा मी मोठा श्वास भरून घेतला, आणि मागून आईचा आवाज आला. ती काठावर, पाण्यात पावलं बुडवून उभी होती. मला वाटलं, मला परत बोलावतेय.

"अहो," ती म्हणत होती, "आलो हं! आलो!"